शाल, नारळ आणि दुपारची बॅच

गोविंदसरांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारून तिला बाजूला सरकवलं आणि मला म्हणाले, "मॅडम, इथं या. इथून समदे मेंबर दिसतेत."

मी साडी सावरत गोठ्यात शिरले आणि मान वर केली. छपराच्या आतल्या बाजूने चाळीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. कुणी दंड फुगवलेले, कुणी आधार कार्डावर असतात तसे घाबरलेले. तिसऱ्या ओळीत, म्हशीच्या शिंगाच्या बरोबर वर, माझी अशील नसीमबाजी होती. बाजी म्हणजे ताई, आणि अशील म्हणजे क्लायंट. आम्ही वकील अजून तो जुना शब्द सोडत नाही.

"हाच का तो फ्लेक्स?" मी विचारलं.

"हाच. दुसरा कुठला?"

"काढून द्याल?"

"देतो की. पण ह्या म्हशी उन्हात उभ्या ऱ्हातील, त्याचं बघा."

मी आजवर पावत्या, हमीपत्रं, एकदा तर न उगवलेलं बियाणं पिशवीसकट पुरावा म्हणून गोळा केलं आहे. पण पुराव्याच्या बदल्यात त्याच मापाची ताडपत्री मागणारा माणूस मला नांदेडजवळच्या लोह्यातच भेटला. शिवाय हा काही माझा साक्षीदार नव्हता. ज्या दोघांविरुद्ध मी तक्रार केली होती, त्यातला हा पहिला.

मी नांदेडला वकिली करते, आणि बहुतेक कामं ग्राहक आयोगातली. न मिळालेला विमा, वॉरंटीत बंद पडलेला फ्रीज, असली. ही कामं करताना एक गोष्ट लक्षात आली. वस्तू खराब निघाली की माणूस चिडतो, चार शिव्या देतो, गप्प बसतो. पण दुकानदाराने 'आम्ही तुम्हाला ओळखत नाही' असं म्हटलं की तो वकील शोधायला निघतो.

नसीमबाजी तशाच आल्या. म्हणजे पूर्ण आल्या नाहीत. माझं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. फोन वाजला.

"वकील मॅडम, मी जिन्यात आहे. अर्ध्यात. वर येणं होत नाही आणि खाली जायची हिंमत नाही. तुम्हीच येता का?"

मी वही-पेन घेऊन खाली गेले. पहिल्या मजल्याच्या वळणावर एक पन्नाशीच्या बाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्याखाली दोन पायऱ्या सोडून त्यांचे मिस्टर रशीदभाई पिशवी धरून उभे. मीही पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरच्या क्लासची पोरं आमच्यामधून 'काकू, थोडं सरका' करत जात-येत होती. वकिलाची पहिली भेट गुप्त असते असं कायद्यात म्हटलंय. ते जिन्यांना लागू नसावं.

नसीमबाजी शिवणकाम करतात. जुन्या गावात त्यांचं दुकान आहे. रशीदभाई कटिंग करतात, बाजी मशीन चालवतात, पायाची. गुडघे धरले आणि मशीन अडलं. डॉक्टरांनी सांगितलं, मांड्यांचे स्नायू मजबूत करा, नाहीतर ऑपरेशनच्या तयारीला लागा. म्हणून बाजींनी गोविंदसरांच्या जिममध्ये नाव घातलं. तिथे दुपारी लेडीज बॅच होती, शिकवायला बाई होती. दोन वर्षांचे पैसे एकदम भरले की वर सहा महिने फुकट, अशी स्कीम. बाजींनी भरले.

"फायदा झाला?" मी विचारलं.

"हौ ना! नमाजला खुर्ची घेत होते, ती सुटली. दुकानात सहा-सहा ब्लाउज एका बैठकीत. आणि मग सरांनी जिम विकली."

"चालायला गल्लीत नाही का जात?"

रशीदभाई पहिल्यांदा बोलले. "जाते ना मॅडम. पण गल्लीत प्रत्येक दारात 'बाजी, किधर चले' म्हणतात आणि चहाला बसवतात. अर्ध्या तासात दोन घरं होतात. वजन वाढलं."

जिम घेतली लातूरच्या व्यंकटअण्णांनी. पाइप आणि मोटारींचे व्यापारी. नांदेडात काहीतरी आपलं असावं म्हणून घेतलेली जिम. घेतल्यावर महिनाभरात त्यांनी दोन गोष्टी केल्या. जुन्या मेंबरांना सांगितलं की नव्याने पैसे भरा, जुनं खातं गोविंदसरांबरोबर गेलं. आणि दुपारची लेडीज बॅच बंद केली.

बंद का केली, ते बाजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एका दुपारी त्या जिमवर गेल्या. शटर अर्धं खाली. त्यांनी वाजवलं. बऱ्याच वेळाने अण्णा बाहेर आले. अंगात बनियन, केस उभे, आणि गालावर योगा मॅटची नक्षी.

"काय हाय?" अण्णा म्हणाले.

"आमची बॅच?"

"दुपारी जिम बंद असते बाई."

"मग आत कोण आहे?"

"मी हाय."

अण्णांचं घर लातूरला. नांदेडात ते आठवड्यातले तीन-चार दिवस असायचे आणि ते जिममध्येच. हॉलला दोन मोठे कूलर होते. नांदेडचं ऊन ज्याला ठाऊक आहे, त्याला अण्णांचा मोह कळेल. मलाही कळला. पण झोप ही काही जिमची सेवा नाही.

"बाजी, तुम्हाला काय हवंय? पैसे परत मागायचे?"

बाजींनी मान हलवली. "नक्को. पैसे घेऊन काय करू, दुसरीकडे दुपारची बॅच कुठे आहे? सकाळी स्वयंपाक, संध्याकाळी गिऱ्हाईक. मला माझी दुपार पाहिजे."

मी वहीत तसंच लिहिलं. मागणी: दुपार.

आता थोडं कायद्याचं, सोप्या भाषेत. तुम्ही एखाद्या दुकानात आगाऊ पैसे भरलेत आणि दुकान विकलं गेलं, तर नव्या मालकावर तुमचा हक्क आपोआप बसतोच असं नाही. दोन मालकांमध्ये काय ठरलं, ते बघावं लागतं. पण नवा मालक जर तुम्हाला म्हणाला, 'काळजी करू नका, तुम्ही आता आमचे', आणि त्या बोलण्याच्या जोरावर त्याने धंदा पुढे चालवला, तर मग त्याला हात झटकता येत नाहीत. प्रश्न एवढाच असतो, की तो तसं म्हणाला होता हे दाखवायचं कसं.

मी दोघांनाही नोटीस पाठवली. नोटीस म्हणजे भांडणाआधीचं सभ्य पत्र. गोविंदसरांचं उत्तर लोह्याहून आलं, स्वतःच्या अक्षरात. त्यांनी जिम विकून गावाकडे म्हशी घेतल्या होत्या. 'मी मशीन, आरसे, कूलर आणि मेंबर असं सगळं अण्णांना दिलं आहे. माझ्याकडे आता फक्त म्हशी आहेत.'

अण्णांचं उत्तर लातूरहून वकिलामार्फत आलं. ॲडव्होकेट बिराजदार. माझ्यापेक्षा वयाने मोठे, इंग्रजी उत्तम, कोट उन्हाळ्यातही काढत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं, 'आमचे अशिलांनी यंत्रसामग्री खरेदी केली असून माणसे खरेदी केलेली नाहीत. माणसांची खरेदी-विक्री कायद्याने प्रतिबंधित आहे, हे आपणांस ज्ञात असावे.'

मी ते दोनदा वाचलं. मग बाजींना फोनवर वाचून दाखवलं.

"म्हणजे आम्ही गुलाम आहोत का?" बाजी म्हणाल्या.

"नाही. गुलाम नाही, म्हणून तुमच्यासाठी ट्रेडमिल नाही, असं त्यांचं म्हणणं आहे."

मी आयोगात तक्रार दाखल केली. तिथे फिर्यादी-आरोपी नसतात. आपण तक्रारदार आणि समोरचा तो सामनेवाला. सामनेवाला क्रमांक एक गोविंदसर, दोन व्यंकटअण्णा. पहिल्या तारखेला दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. खरेदीखतात मेंबरांविषयी एक अक्षर नव्हतं. 'जिम चालू स्थितीत दिली' एवढंच. चालू स्थिती म्हणजे कूलर चालू की बॅच चालू, यावर बिराजदार बराच वेळ बोलले.

तेव्हा बाजींनी मला हळूच सांगितलं, "मॅडम, पण अण्णांनी आमचा सत्कार केला होता ना."

"कसला सत्कार?"

आणि मग ते बाहेर आलं. आमच्याकडे काहीही सुरू करायचं तर सत्कार लागतो. टपरी उघडली तरी शेजारच्या टपरीवाल्याचा सत्कार होतो. अण्णांनी जिमचं पुन्हा उद्घाटन केलं, मांडव घातला आणि जुन्या मेंबरांचा एकेकाला स्टेजवर बोलावून शाल-नारळ देऊन सत्कार केला. मागे भला मोठा फ्लेक्स. त्यावर सगळ्या मेंबरांचे फोटो आणि वर लिहिलेलं, 'आमचे सर्व मेंबर, आमचा परिवार. अण्णांच्या साथीने नवी सुरुवात.' अण्णा भाषणात म्हणाले होते की एकाही मेंबरला अंतर देणार नाही.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"त्यात सांगण्यासारखं काय? सत्कार तर सगळेच करतात."

मला हसावं की डोकं धरावं, कळेना. ज्या गोष्टीवर सगळी केस उभी राहणार होती, ती बाजींना हवेसारखी नेहमीची वाटली होती.

पुढच्या तारखेला मी शाल घेऊन उभी राहिले. बिराजदारांनी ती दोन बोटांनी उचलली.

"साहेब, ही शाल कुठल्याही सत्काराची असू शकते. ज्याला अजून शाल मिळालेली नाही असा एक माणूस मॅडमनी या जिल्ह्यात दाखवावा."

आयोगाच्या अध्यक्षांनी शालीकडे बघितलं. त्यांच्या घरीही कपाटभर असणार. बिराजदार चुकीचं बोलत नव्हते, हेच वाईट.

"नारळाचं काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"चटणी केली साहेब," बाजी मागून म्हणाल्या.

मग मी बाजींच्या मोबाइलमधला फोटो दाखवला. स्टेज, फ्लेक्स, अण्णा बाजींना शाल घालतायत. बिराजदार म्हणाले, "बनावट आहे. हल्ली मोबाइलवर पोरंसोरं माणसाला चंद्रावर उभं करतात. माझ्या अशिलांनी असा कोणताही कार्यक्रम घेतलेला नाही." अण्णा त्या दिवशी आले नव्हते. त्यांच्या नावाने वकीलच बोलत होते, आणि वकील बोलतो तेव्हा अशिलाने काय काय केलंय ते त्याला ठाऊक असतंच असं नाही.

अध्यक्ष मला म्हणाले, "मॅडम, मूळ काही असेल तर आणा."

मी फ्लेक्स छापणाऱ्याकडे गेले. त्याने कानावर हात ठेवले. फाईल डिलीट झाली म्हणाला. अण्णांच्या वाढदिवसाची ऑर्डर त्याला घालवायची नव्हती. मी बाजींना विचारलं, कार्यक्रम झाल्यावर फ्लेक्स गेला कुठे? आमच्याकडे फ्लेक्स कधी फेकत नाहीत. तो सोयाबीनवर जातो, ट्रॅक्टरवर जातो, कुणाच्या तरी न्हाणीचा पडदा होतो. हा फ्लेक्स कार्यक्रम संपता संपता गोविंदसरांनी मागून घेतला होता. तेही सत्कारमूर्ती होते, त्यामुळे त्यांना नाही कोण म्हणणार.

अशी मी लोह्याच्या गोठ्यात पोचले.

ताडपत्री मी बाजारातून आणून दिली. गोविंदसरांनी स्वतः वर चढून फ्लेक्स सोडवला. सुटला तेव्हा त्याच्याबरोबर वाळकं गवत, चिमणीचं घरटं आणि बरंच काही खाली आलं. आणि मग मला दिसलं की मधोमध, जिथे अण्णांचा सगळ्यात मोठा फोटो होता, तिथे तोंडाच्या जागी वाटीएवढं भोक आहे. गळ्यापासून खाली अण्णा शाबूत. कानाला लावलेला मोबाइल शाबूत. तोंड नाही.

"सर, हे काय?"

"बांबू बरोबर तिथंच येऊन राहिला होता. मी तरी काय करू?"

"धुऊन देऊ का?" त्यांच्या मिसेसनी विचारलं.

"नको, नको. पुराव्याला हात लावायचा नसतो," मी म्हणाले. हा कायदेशीर बाणा मला परतीच्या जीपमध्ये महाग पडला. फ्लेक्स टपावर होता, तरी माझ्या शेजारची सीट नांदेडपर्यंत कुणी घेतली नाही.

तारखेच्या दिवशी आयोगाच्या शिपायाने दारातच नाकाला रुमाल लावला. "मॅडम, हे आत न्हाई येणार." खरंच येणार नव्हतं. फ्लेक्स खोलीपेक्षा लांब होता. शेवटी अध्यक्षच बाहेर आले आणि आम्ही तो व्हरांड्यात पसरला. इतर केसेसचे लोक, विम्याचे वकील, ट्रॅक्टरवाले सगळे भोवती उभे. एका टोकाला रशीदभाईंनी चप्पल ठेवली, दुसऱ्या टोकाला गोविंदसर उभे राहिले. नसीमबाजी बाकावर बसल्या होत्या. गुडघ्याला पट्टा बांधलेला. या साऱ्या महिन्यांत त्यांचे पाय पुन्हा आखडले होते. मशीनवर दोन ब्लाउज झाले की उठावं लागे, आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानाकडे वळायला लागलं होतं. व्हरांड्यात सगळे हसत होते. त्या नव्हत्या. मलाही एकदम वाटलं, ही केस हातची गेली तर मी यांना तोंड कसं दाखवू?

या वेळी अण्णा आले होते. पांढरे कपडे, गॉगल, गळ्यात सोन्याची जाड चेन. कोर्टाच्या कामाला आले होते की लग्नाला, सांगता येत नव्हतं.

बिराजदार फ्लेक्सभोवती एक चक्कर मारून आले. चेहऱ्यावर समाधान.

"साहेब, नीट पाहावं. मॅडम म्हणतात ही व्यक्ती माझे अशील आहेत. या व्यक्तीला तोंडच नाही. दुसरं, हा फ्लेक्स सामनेवाला एकच्या गोठ्यातून आला. कुणी छापला, कधी छापला, कुणास ठाऊक. माझ्या अशिलांचा या बनावट वस्तूशी काडीमात्र संबंध..."

"कोण बनावट म्हनलं?" मागून आवाज आला.

अण्णा पुढे आले. गॉगल काढला. भोकाकडे बघितलं. मग गोविंदसरांकडे बघितलं.

"गोविंदराव, माझं तोंड कुठंय?"

"अण्णा, ते बांबूत गेलं."

"तुम्ही मला म्हशीवर टाकलं?"

"म्हशीवर न्हाई अण्णा, छपरावर. सगळ्यांत वर तुम्हीच होता."

बिराजदार खालच्या आवाजात म्हणाले, "अण्णा, गप्प बसा. तो तुमचा फोटो नाही."

"माझा न्हाई तर कुणाचा हाय?" अण्णांनी गळ्यातली चेन ओढून बाहेर काढली आणि वाकून फ्लेक्सवरच्या चेनीशेजारी धरली. "हे बघा साहेब. हीच चेन. हे बारकं लॉकेट. लातूरला करून घेतलीय. काय बोलायलाव वकीलसाहेब तुम्ही? बनावट? मी सोताच्या हातानं एकेकाला शाल घातली. मांडव घातला, जेवण घातलं. असा सत्कार नांदेडात कुणी केला न्हाई!"

बिराजदारांनी अण्णांची बाही धरली. अण्णांनी ती सोडवली.

अध्यक्षांनी फार सौम्यपणे विचारलं, "या बाईंनाही शाल घातली होती का?"

अण्णा बाकाकडे वळले. "ह्यांना? ह्यांना तर पहिली घातली. बाजी, मी भाषणात काय म्हनलो, सांगा ह्यांना. तुम्ही आमच्या घरच्या, तुमची बॅच तशीच चालणार, म्हनलो का न्हाई?"

"म्हणाले होते," बाजी म्हणाल्या.

"हे रेकॉर्डवर घेऊ का?" अध्यक्षांनी विचारलं.

"घ्या की! लपवायला काय चोरी केलीय?"

बिराजदार भिंतीला टेकले आणि त्या उन्हाळ्यात मी त्यांना पहिल्यांदाच कोटाचं बटण सोडताना पाहिलं. मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. फ्लेक्सवर कागदी लेबल चिकटवून त्याला निशाणी म्हणजे पुराव्याचा नंबर देण्यात आला. लेबल चिकटेना, म्हणून शिपायाने ते दोऱ्याने बांधलं.

अण्णांना आपण काय बोलून बसलो ते चहाच्या गाड्यावर कळलं. बिराजदारांनी समजावलं असावं. पण अण्णांची अडचण वेगळीच होती. सत्कार केलाच नाही असं म्हटलं तर केस वाचत होती, पण सत्कार जात होता. आणि तो जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. मला तेव्हा हा माणूस आवडला, खोटं कशाला सांगू.

अध्यक्षांनी तडजोडीला बसवलं. ग्राहक आयोगात तशी सोय असते. एक टेबल, दोन्ही बाजू, आणि निकालापेक्षा लवकर काम. अण्णा लगेच तयार झाले. जुनी मेंबरशिप चालू, बंद पडलेले महिने वाढवून. सगळं ठरलं. मग अण्णा डोकं खाजवायला लागले.

"आता काय अण्णा?" मी विचारलं.

"ताई, दुपारची बॅच सुरू केली तर मी झोपायचं कुठं?"

बिराजदार छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, लॉजवर झोपा. अण्णा म्हणाले, लॉजवर झोप लागत नाही, आणि चार लोकांनी बघितलं तर लातुरात काय काय बोलतील. गोविंदसर म्हणाले, माझ्याकडे या लोह्याला, आता ताडपत्री लई गार हाय. अर्धा तास आम्ही पाच शहाणी माणसं एका माणसाच्या दुपारच्या झोपेवर चर्चा करत होतो. मी चेष्टा करत नाही. केस तिथेच अडली होती.

शेवटी नसीमबाजी बोलल्या. "आमच्या दुकानामागे खोली आहे. कूलर आहे. दुपारी मी तर जिमला असणार. मिस्टर पुढे कटिंग करत बसतात. अण्णा, तुम्ही तिथे झोपा."

रशीदभाईंनी मान डोलावली. "कैचीचा आवाज होईल थोडा."

"कैचीचं काय न्हाई," अण्णा म्हणाले. "मशीनचा आवाज नको."

"मशीन मीच चालवते," बाजी म्हणाल्या. "आणि मी तर तुमच्या जिममध्ये."

असं ते जमलं. तडजोड पुरसीस, म्हणजे दोन्ही बाजूंनी सही करून द्यायचा समझोत्याचा कागद, मी लिहिला. त्यात अण्णांचा आग्रह होता की झोपेचंही कलम टाका, उद्या कुणी बदललं तर? अध्यक्षांनी ते कलम वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि लाल शाईने काढून टाकलं. "हे तोंडी राहू द्या," म्हणाले.

तोंडी राहिलेलं ते कलम अजून पाळलं जातंय. सोमवार ते गुरुवार, दुपारी लेडीज बॅच जिममध्ये आणि जिमचा मालक टेलरच्या मागच्या खोलीत. रशीदभाईंचं म्हणणं, अण्णा झोपेत पाइपांचे भाव सांगतात.

बॅच पुन्हा सुरू झाली तेव्हा अर्थातच सत्कार झाला. नवा मांडव, नवा फ्लेक्स. बाजींना शाल, बॅचमधल्या सगळ्या बायकांना शाल, गोविंदसरांना शाल. बिराजदारांना लातूरहून बोलावून शाल दिली. मलाही दिली. फ्लेक्सवर अण्णांच्या खालोखाल माझा फोटो होता, काळ्या कोटातला, खाली लिहिलेलं, 'आमचा परिवार'. कार्यक्रम संपताना गोविंदसर स्टेजमागे फ्लेक्सच्या दोऱ्या सोडवताना दिसले. त्यांनी तिसरी म्हैस घेतली होती. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं की बांबू बघून लावा.

लोक मला विचारतात, जिम, क्लास, हॉस्टेल, आगाऊ पैसे भरलेली जागा विकली गेली तर काय करायचं? मी सांगते. पावती जपा. नव्या मालकाकडून मेंबरशिप पुढे चालू आहे असं दोन ओळींत लिहून घ्या, लाजू नका. जुन्या आणि नव्या दोघांनाही नोटीस पाठवा, एकट्याला पाठवलीत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आणि कुणी तुमचा सत्कार केला, तर भाषणाच्या वेळी टाळ्या वाजवू नका, रेकॉर्डिंग करा.

त्यानंतर काही महिन्यांनी एका संध्याकाळी मी ऑफिसात फाईल बघत बसले होते. जिन्यात पावलं वाजली. क्लासच्या पोरांची नव्हेत, सावकाश. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थांबतील असं मला वाटलं. थांबली नाहीत. दाराचा पडदा सरकला आणि नसीमबाजी आत आल्या. घामाघूम, धाप लागलेली, कठडा सोडून आलेला एक हात अजून तसाच वाकडा. पट्टा नव्हता. मी उठून उभी राहिले.

बाजी अशिलाच्या खुर्चीत बसल्या. श्वास खाली येऊ दिला. मग त्यांनी माझं टेबल पाहिलं, कपाट पाहिलं, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, खिडकीबाहेरची टाकी पाहिली.

"बस, एवढंच ऑफिस?" त्या म्हणाल्या. "मेरेकू वाटलं, इतक्या वर आहे म्हणजे लई मोठं असेल."